एकाच अर्जात पाच तक्रारी: आमच्या गावचं प्रदूषण नेमकं येते कुठून?

धुऱ्यावरची_बाभूळ

रामराम मंडळी. गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यातलं, नाव मुद्दाम देत नाही. पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे आणि अर्ज लिहायचं काम सरपंचबाईंनी माझ्या गळ्यात घातलंय. कारण काय, तर मी बारावी सायन्स. (एकदा नापास झालो होतो ते कोणी विचारलं नाही.)

मसुदा तयार आहे. विषय: "कोळशाच्या प्रदूषणामुळे गावाचे होत असलेले नुकसान". खाली पाच मुद्दे. एक, डांबरी रोडच्या कडेच्या वावरातला कापूस काळा पडतो आणि जिनिंगवाला क्विंटलमागे कटती लावतो. दोन, शाळेजवळच्या हापसीचं पाणी पिणाऱ्या लेकरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत. तीन, आमच्या मोठेबाबांच्या विहिरीच्या पाण्याला वास येतो. चार, विहिरी फेब्रुवारीतच तळ गाठतात. पाच, हिवाळ्यात सकाळी गावावर धूर बसून राहतो आणि म्हातारी माणसं खोकत असतात.

पाचही मुद्दे मी जवळच्या कोळसा खाणीच्या नावावर लिहिले होते. काल रात्री आजीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "बाकी ठीक हाय बाप्पा, पन दाताचं काही समजलं नाही. माहे दात पाय. हे डाग माह्या माहेरचे होत. पांढरकवड्याकडं तवा कोनती खाण होती?"

आजीचे पुढचे तीन दात उरलेत आणि तिन्हीवर तेच पट्टे. आता मला काही सुचेना. अर्ज असाच देऊ का बदलू?

वैनगंगाकाठ

असाच द्या भाऊ. पाच मुद्दे असले की अर्जाला वजन येते. आजीचे दात अधिकाऱ्याला दाखवायची काय गरज?

काळी_माती

+१. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले होते. चंद्रपूर देशात चौथं आलं, गुण ८३.८८. वर फक्त अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद. वर्धा नदी ओलांडली की घुग्गुस. तुम्ही त्या पट्ट्याच्या उंबरठ्यावर बसला आहात आणि पुरावे कसले शोधता? [संपादित]चं नाव घालून अर्ज ठोका.

व्यवस्थापक

कंपनीचं नाव काढलं आहे. हातात कागद असल्याशिवाय इथं कोणाचं नाव घेऊ नये ही विनंती. चर्चा चालू द्या.

बंद_फाइल

वैनगंगाकाठ यांच्या पहिल्या प्रतिसादाला माझा ठाम विरोध. मी एकतीस वर्षं एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळलं, आता निवृत्त आहे. अर्ज कसे मरतात हे मी जवळून पाहिलंय.

एका अर्जात पाच विषय आले की तो पाच टेबलांवर फिरतो आणि एकाही टेबलाचा होत नाही. प्रदूषण मंडळ लिहिणार, "विहिरींचा विषय भूजल विभागाशी संबंधित". भूजलवाले लिहिणार, "वायू प्रदूषण आमच्या कक्षेत नाही". त्यातही पाचातला एक मुद्दा जरी चुकीचा निघाला, समजा दातांचा, तर समोरचा तेवढाच उचलतो. "तपासणीअंती तक्रारीत तथ्य आढळले नाही." हे वाक्य मी स्वतःच्या हातानं किती वेळा टाइप केलंय ते सांगत नाही. खऱ्या चार तक्रारी त्या एका खोट्या तक्रारीसोबत गाडल्या जातात.

बाभूळराव, तुमच्या आजीनं तुमचा अर्ज वाचवला.

खडकफोड्या

आजीला माझा नमस्कार सांगा. दातांवरचे ते पट्टे बहुतेक फ्लोराइडचे आहेत आणि त्याचा उगम खाणीत नाही, हापसीखाली आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत भूजलात फ्लोराइड आहे. पांढरकवडा, झरी जामणी हा भाग तर त्यासाठी माहितीचाच.

कसं होतं ते सांगतो. काही खडकांत फ्लोराइट, अ‍ॅपेटाइट, काळं अभ्रक अशी खनिजं असतात आणि त्यांच्यात फ्लोराइड बांधलेलं असतं. पाणी खोल खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरत पडलं की ते थोडंथोडं सुटतं. पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोडा जास्त असेल तर आणखी सुटतं. म्हणूनच खोदलेल्या उथळ विहिरीत सहसा फ्लोराइड कमी सापडतं आणि दोनशे-तीनशे फुटांच्या बोअरमध्ये जास्त. उथळ विहिरीतलं पाणी दर पावसाळ्यात नवं होतं, बोअरमधलं जुनं असतं.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे. दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्याच्या वर गेलं आणि लेकरू लहान असलं, म्हणजे सात-आठ वर्षांच्या आतलं, कायमचे दात हिरडीत घडत असतानाचं, तर दाताच्या कवचात दोष राहतो. मोठ्या माणसानं तेच पाणी प्यायलं तर त्याच्या दातांवर डाग येत नाहीत, पण वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात गेलं तर सांधे आणि पाठ आखडते. आजीचे डाग माहेरचे आहेत, सासरचे नाहीत, हे तिनं बरोबर ओळखलं.

आणि गंमत बघा, या पाण्याला ना रंग, ना वास, ना चव. दिसायला गावातलं सगळ्यात स्वच्छ पाणी हापसीचंच असतं.

काळी_माती

खडकफोड्या साहेब, आदर ठेवून विचारतो. कोळशातसुद्धा फ्लोराइड असतं. वीजघराच्या राखेच्या तळ्यातून पाझरून ते भूजलात जाऊ शकतं. मग तुम्ही सरळ खडकाला दोष देऊन मोकळे कसे होता? दंड कोणाला करणार, खडकाला?

खडकफोड्या

प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे. कोळशात फ्लोराइड असतं, राखेच्या पाझरात ते येऊ शकतं, दोन्ही खरं. मग फरक कसा ओळखायचा? राखेचं तळं किंवा कारखाना उगम असेल तर जवळच्या विहिरीत जास्त आणि दूर जावं तसं कमी, शिवाय आधी उथळ विहिरी बिघडणार आणि खोल बोअर मागाहून. सोबत सल्फेट, बोरॉन अशी राखेची इतर पोरंबाळंही पाण्यात दिसणार. खडक उगम असेल तर उलटं: खोल बोअर वाईट, उथळ विहीर बरी, आणि जिथं चाळीस किलोमीटरवर धुराडं नाही तिथंही तोच आजार. आजीचं माहेर ही दुसरी खूण.

दंडाचं म्हणाल तर खडकाला कोणी दंड करत नाही. म्हणून हा अर्ज प्रदूषण मंडळाकडे जातच नाही, पाणीपुरवठ्याकडे जातो. "कोणी घाण केली" हा प्रश्न तिथं गैरलागू, "आम्हाला दुसरं पाणी कधी देता" एवढाच प्रश्न.

पूर्णाकाठचा

आम्ही दर्यापूरकडले. आमच्याकडे अख्खा खारपाणपट्टा आहे, पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा असा तीन जिल्ह्यांत पसरलेला. विहिरीचं पाणी बैल तोंडात घेऊन थुंकतो. कोणत्या कंपनीनं केलं नाही, नदीनं आणलेल्या गाळातच मीठ आहे. खडकफोड्या म्हणतात ते पटलं. कोणाचाच दोष नसलेलं खराब पाणी असते, ते आम्हाले आज्याच्या काळापासून माहीत आहे.

सह्याद्री_फॅन

इतका विचार कशाला? सगळ्यांनी पाणी उकळून प्या, विषय संपला. आम्ही ठाण्यात तेच करतो.

खडकफोड्या

उकळल्यानं जंतू मरतात. फ्लोराइड आणि नायट्रेट मरत नाहीत, वाफ गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात उलट थोडे घट्टच होतात. घरचा साधा कँडल फिल्टरही उपयोगाचा नाही. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेनं तुरटी आणि चुन्यानं फ्लोराइड खाली बसवायची पद्धत काढली होती, तिला नलगोंडा पद्धत म्हणतात, आज तेलंगणात असलेल्या नलगोंडा जिल्ह्यावरून. चालते, पण रोज मोजून माल टाकावा लागतो आणि खाली बसलेला गाळ नीट टाकावा लागतो, आणि बहुतेक गावांत ती इथंच बंद पडते. चार महिने चांगलं चालतं, मग तुरटी संपते. आरओनं निघतं, पण निम्म्याच्या आसपास पाणी वाया जातं आणि त्या वाया जाणाऱ्या पाण्यात बहुतेक फ्लोराइड जमा झालेलं असतं. ते परत हापसीच्या खड्ड्यात सोडणारे महाभाग मी पाहिलेत.

टिप्परवाला

मी वाचून राह्यलो होतो, आता बोलतो. मी कोळशाचं टिप्पर चालवतो, बारा वर्षं झाले. कापसाचं मी सांगतो.

काळा कापूस धुराड्यानं होत नाही दादा, आमच्यानं होते. खाणीतून रेल्वेच्या साइडिंगवर माल नेतो तवा वरून ताडपत्री बांधाचा नियम हाय. बांधतात बी, पन काट्यावर वजन होईलोक. पुढं वाऱ्यानं एक कोपरा सुटला की कोन थांबून बांधते? फेऱ्या मोजून पैसे भेटतात. मागचा फाळका घट्ट बसत नसला तं बारीक चुरा रोडवर सांडत जाते. अन् खरी मजा मागून येते. सांडलेल्या चुऱ्यावरून पुढचं टिप्पर जाते, त्याचा मैदा होते. त्याच्यावरून तिसरं. तो मैदा उडते. वळनावर अन् गतिरोधकावर पाहा, सगळ्यात काळं तिथंच असते. पानी मारतात, पन सकाळी एकदा मारलं की दुपारपावतर वाळते.

मी कंपनीची बाजू घेऊन नाही राह्यलो. चालवनारा मीच हाओ म्हनून सांगून राह्यलो.

प्रयोगवहीवाली

टिप्परवाले दादा, तुमचा प्रतिसाद सोन्यासारखा आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. हे आम्ही मुलांकडून करून घेतलंय, तुम्हीही करा, खर्च वीस रुपये.

स्टीलच्या चार थाळ्या घ्या, आतून व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा. एक रोडच्या धुऱ्यावर म्हणजे बांधावर, एक वावराच्या मधोमध, एक गावात छपरावर, एक गावाच्या पलीकडच्या अंगाला. जमिनीपासून पुरुषभर उंच ठेवा, नाहीतर पायाची धूळ बसते. चोवीस तासांनी उचला. वारा कुठून होता ते वहीत लिहा.

मग खरवडलेली धूळ भिंगाखाली पाहा. कोळशाचा चुरा काळा, धारदार, चमकणारा. वीजघराची उडती राख म्हणजे आपल्याकडची राखड चांगल्या भिंगाखाली गोल मण्यांसारखी दिसते, कारण ती भट्टीत वितळून हवेतच थिजलेली असते. माती तांबूस-करडी, वेड्यावाकड्या आकाराची. पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) जाळल्याची राख पांढुरकी, हलकी, फुंकर मारली की उडते. लोहचुंबक फिरवून काही चिकटलं तर लोखंडाच्या कारखान्याचा किंवा राखडीचा संशय घ्या. शेवटी चिमूटभर धूळ लोखंडी पळीत घेऊन चांगली तापवा. कोळसा असेल तर धगधगतो आणि करडा होतो. राख आणि माती आधीच जळलेली किंवा न जळणारी, ती तशीच राहते. हे मोठ्या माणसानं, उघड्यावर करावं.

एक गोष्ट मात्र थाळीत सापडत नाही. डोळ्याला दिसणारी काळी धूळ बहुतेक नाकात अडकते, म्हणून रुमाल काळा होतो. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते ती अडीच मायक्रॉनच्या आतली, डोक्याच्या केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढी. त्या धुळीसाठी आपल्या देशाची वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये स्वतःची मर्यादा ५ वर आणली. तिच्यासाठी यंत्रच लागतं, आणि ते मागायचा हक्क तुमच्या ग्रामसभेला आहे.

धुऱ्यावरची_बाभूळ

थाळ्या ठेवल्या. तीन दिवस केलं, कारण पहिल्या दिवशी एक थाळी माकडानं नेली.

रोडची थाळी काळी कुट्ट. पळीत तापवली तर विस्तवासारखी लाल झाली. वावराच्या मधली जवळजवळ मातीचीच. मग मी कापसात तासं (झाडांच्या ओळी) मोजत आत गेलो. पहिल्या बावीस-तेवीस तासांपर्यंत बोंडं काळपट, पुढे हळूहळू पांढरी. गावातल्या छपरावरच्या थाळीत मात्र भलतंच निघालं. कोळसा थोडा आणि ती पांढुरकी, हलकी राखच जास्त. ती कुठून आली ते पहिल्या दिवशी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर उभा राहिलो तर चहूकडे पऱ्हाटीच्या गंज्या पेटलेल्या. त्यातली एक आमची.

चुलीपाशी

बरं झालं कोनं धुराचं काढलं.

पह्यले पऱ्हाटी न तुराट्या घरी यायच्या, वर्षभराचं सरपन व्हायचं. आता निम्म्या घरी सिलिंडर हाय म्हनून वावरात पेटवतात. अन् ज्या घरी सिलिंडर हाय त्या घरी बी चूल बंद नाही. सिलिंडर भरायले पैसे लागतात, पऱ्हाटीले नाही लागत. उज्ज्वलाचं सिलिंडर माह्याकडं बी हाय, चहा न पाव्हन्यापुरतं. भाकर चुलीवर, आंघोळीचं पानी चुलीवर.

माही सासू चाळीस वर्षं त्या चुलीसमोर फुंकनी घेऊन बसली. रातभर खोकलते. बाभूळभाऊ, तुमच्या अर्जात म्हाताऱ्याच्या खोकल्यासाठी खाण हाय. माह्या सासूच्या खोकल्यासाठी कोनावर अर्ज करता?

काळी_माती

काकू, याला उत्तर नाही माझ्याकडे.

पऱ्हाटीबद्दल एक अडचण सांगतो. वेचणी संपल्यावर ती वावरात उभी ठेवली तर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं. म्हणून कृषी विभाग सांगतो की पऱ्हाटी लवकर उपटा, फरदड (त्याच झाडांवर लांबवलेलं पीक) घेऊ नका. उपटून टाकायची कुठं? तुकडे करायचं यंत्र, श्रेडर, प्रत्येक गावात नाही, भाड्यानं आणला तर एकरी खर्च, आणि काडीपेटी एक रुपयाची. शेतकऱ्याला नुसतं "जाळू नका" म्हणणारे मला पटत नाहीत.

प्रयोगवहीवाली

पटतंय. तरी दोन गोष्टी हातात आहेत. हिवाळ्यात संध्याकाळी जमीन लवकर गार होते, तिला चिकटलेली हवाही गार आणि जड होते, वरची हवा तुलनेनं उबदार राहते आणि झाकणासारखी बसते. संध्याकाळी पेटवलेल्या गंजीचा धूर त्या झाकणाखाली रात्रभर गावात कोंडतो. म्हणून सकाळी धूर "बसलेला" दिसतो. तोच धूर दुपारी वर निघून जातो. जाळणं चांगलं असं म्हणत नाही, पण संध्याकाळ तेवढी टाळा. दुसरं, दोन-चार गावांनी मिळून श्रेडर मागवला तर तुकडे जमिनीत जातात. हे ग्रामसभेत ठरू शकतं, त्याला अर्ज लागत नाही.

वैनगंगाकाठ

मी पहिल्या प्रतिसादात "असाच द्या" म्हणालो होतो, ते मागे घेतो. आता आमचं ऐका, कारण आमच्याकडे उगम शोधायला गेलं की माणूस दमून जातो.

आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या पवनीजवळ, गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरला. पाण्यावर जलपर्णी, उन्हाळ्यात वास, मासेमारांच्या जाळ्यात मासळीपेक्षा कचरा जास्त. आमच्या गावात कारखाना नाही. बरीच वर्षं आम्ही एकमेकांनाच शिव्या देत होतो की कोण काय सोडतंय. उगम निघाला नागपुरात. शहरातून नाग नदी जाते, तिच्यात सांडपाणी. नाग पुढं कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला, आणि वैनगंगेवर १९८८ साली पायाभरणी झालेलं आमचं धरण. वाहत्या नदीत जी घाण पुढं निघून गेली असती ती आता धरणात येऊन थांबते. ज्यांच्या घरचं पाणी आमच्यापर्यंत येतं त्यातल्या कोणाला आमच्या गावाचं नावही माहीत नसेल. आमच्याही पाहुण्यांची घरं आहेत तिथं.

म्हणून म्हणतो, तुमचा उगम रोडच्या कडेला थाळीत सापडला, नशीबवान आहात.

बंद_फाइल

आता कामाला लागा. धुळीचा अर्ज प्रदूषण मंडळाला. १९८१ चा वायू कायदा आहे, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आहे, पण कलमांची गर्दी करू नका. तारीख, वेळ, जागा, फोटो, थाळ्यांची नोंद आणि मागणी. मागणी मोजता येईल अशी लिहा: ताडपत्री पूर्ण रस्ताभर, पाणी दिवसातून किती वेळा, चाकं धुऊन गाडी रोडवर, वळणावरचा सांडलेला चुरा रोज उचलणे. "प्रदूषण थांबवावे" ही मागणी नव्हे, ती इच्छा झाली.

विहिरी आटण्याचा अर्ज वेगळा. त्याला पुरावा काय आहे तुमच्याकडे?

खडकफोड्या

त्याचं मी सांगतो, कारण इथं खाणीवरचा संशय खरा असू शकतो. खुली खाण भूजलाच्या पातळीखाली खोदली की खड्ड्यात पाणी येतं, ते पंपानं रात्रंदिवस उपसतात. आजूबाजूचं भूजल खड्ड्याकडे उतरतं. पण गावात गेल्या पंधरा वर्षांत हरभऱ्यासाठी किती बोअर पडले तेही मोजा. दोरीला गाठी मारा, खाणीच्या बाजूच्या चार आणि विरुद्ध बाजूच्या चार विहिरींची पाणीपातळी दर अमावस्येला मोजा. वर्षभराची वही असेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेलाही ती बाजूला सारता येणार नाही. वही नसेल तर हा मुद्दा या ग्रामसभेत नुसता नोंदवा, अर्ज पुढच्या वर्षी.

आणि मोठेबाबांच्या विहिरीचं काय झालं? पाणी तपासलं का?

धुऱ्यावरची_बाभूळ

तपासलं. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं शिकवलंय आणि पेटी दिलीय, हे मला या धाग्यामुळं कळलं. पेटी अंगणवाडीत कपाटावर होती. जलसुरक्षक आणि आशाताई सोबत आल्या. शाळेजवळच्या हापसीत फ्लोराइड १.५ च्या बरंच वर. मोठेबाबांच्या विहिरीत फ्लोराइड ठीक, पण नायट्रेट ४५ च्या मर्यादेपलीकडे, आणि जंतूंच्या बाटलीतलं पाणी दुसऱ्या दिवशी काळं, म्हणजे जंतू आहेत. दोन्ही नमुने आता जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवलेत, पेटीचा आकडा शेवटचा मानू नका असं आशाताईंनी बजावलंय.

खडकफोड्या

विहिरीपासून वीस-पंचवीस फुटांत काय काय आहे? खरं सांगा.

धुऱ्यावरची_बाभूळ

वरच्या अंगाला उकंडा आहे. दहा-पंधरा फुटांवर. आमच्याच गोठ्याचा.

खडकफोड्या

झालं तर मग. शेणा-मुतातलं नत्र पावसाच्या पाण्यासोबत नायट्रेट होऊन खाली मुरतं, आणि जंतूही त्याच वाटेनं. युरियाचंही तेच, पिकाला टाकलेल्यातलं बरंच पिकाला मिळतच नाही, काही हवेत जातं, काही खाली. विहिरीजवळ संडासाचा खड्डा असेल तर त्याचीही भर. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला या पाण्यात पावडरचं दूध कालवून देऊ नका, नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते, बाळ निळं पडतं. मोठ्यांना लगेच काही जाणवत नाही, म्हणून कोणी लक्ष देत नाही.

अजून एक विचारतो. फवारणीचा पंप कुठं धुता?

धुऱ्यावरची_बाभूळ

त्याच विहिरीच्या काठावर.

टिप्परवाला

अरे देवा. २०१७ विसरले का यवतमाळवाले? फवारा मारतामारता वीसच्या वर मानसं गेली आपल्या जिल्ह्यात, शेकडो दवाखान्यात. माहा चुलतभाऊ आठ दिवस भरती होता, त्याले दिसत नोतं. ते औषध अंगावर उडालं तं हे हाल, अन् तुम्ही तेच धुऊन विहिरीत सोडता?

प्रयोगवहीवाली

दादा, रागावू नका, सगळीकडे हेच चालतं, पाणी जिथं असेल तिथंच पंप धुतला जातो. धुतलेलं पाणी वावरातच, ज्या पिकावर फवारलं त्याच्यावरच मारून टाकायचं. डबे तीनदा विसळून ते पाणी पंपात घ्यायचं आणि डब्याला भोक पाडायचं, म्हणजे कोणी त्यात तेल किंवा पाणी भरणार नाही. गावात त्या डब्यांत रॉकेल ठेवलेलं मी स्वतः पाहिलंय.

धुऱ्यावरची_बाभूळ

ग्रामसभा काल झाली. लांबण लावत नाही.

अर्ज तीन झाले. धुळीचा प्रदूषण मंडळाला, सोबत थाळ्यांचे फोटो आणि तासांची मोजणी. टिप्परवाले दादांचं नाव कुठंही नाही, काळजी नसावी. विहिरींसाठी दोरी आणि वही, जबाबदारी बारावीच्या दोन पोरींकडे दिलीय, त्यामुळे तो अर्ज सध्या नाही. दुसरा अर्ज श्रेडरसाठी, शेजारच्या गावासोबत. तिसरा हापसीबद्दल पाणीपुरवठ्याला. हापसीला काल लगेच लाल रंग मारला, हे पाणी पिऊ नये याची खूण म्हणून.

मोठेबाबांशी बोललो तेव्हा ते तासभर बोललेच नाहीत. मग म्हणाले, "हा उकंडा माह्या बापानं घातला." मी गप्प. मग म्हणाले, "खाणीवाल्याले बोलता येते, मले बी बोल." मग परत गप्प. रात्री जेवताना म्हणाले, अक्षयतृतीयेपर्यंत खत वावरात जाईल, नवा खड्डा उताराच्या अंगाला, विहिरीपासून शंभर पावलं. खोदायचा मी.

टिप्परवाला

रविवारी माही सुटी असते. फावडं घेऊन येतो.

चुलीपाशी

हे सगळं बेस झालं. पन हापसीचं एक राह्यलं. लाल रंग मारला म्हनता. नळाले पानी एक दिवसाआड येते. मधल्या दिवशी बाया कुठं जाईन? आज सकाळीच पाह्यलं, लाल रंग वला होता न हापसीपाशी पान्याचे पाच गुंड रांगेत होते. मधल्या दिवशीचं पानी कोनतं, ते लिहिलं का अर्जात?

धुऱ्यावरची_बाभूळ

नव्हतं लिहिलं, काकू. आत्ता लिहिलं. तिसऱ्या अर्जात, सगळ्यात वर.